दाखला आजोबांचा, बोटे नातवाची

मा. संपादक,

नोव्हेंबर उजाडला, पेन्शनरांनी हयात असल्याचा वार्षिक दाखला देण्याची वेळ आली, की ‘इतक्या लाख ज्येष्ठांनी घरबसल्या मोबाइलवर हयातीचा दाखला काढला’ अशा बातम्या येतात आणि म्हातारी माणसे तंत्रज्ञानाला सरावली, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फौजी गावांत तरी हे गणित चुकते. दाखला आजोबांचा निघतो, पण फोन चालवलेला असतो नातवाने.

ज्येष्ठांच्या तंत्रज्ञान वापराचा अभ्यास करणारे ‘६० वर्षांवरील’ असा एकच रकाना ठेवतात. माजी सैनिकांना तो लागू पडत नाही. जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागते, त्यामुळे तो बहुधा चाळिशीच्या आत घरी येतो. कर्नल निवृत्त होतो ५४व्या वर्षी. आज पंचाहत्तरीत असलेला शिपाई १९८५-९० च्या सुमारास डिस्चार्ज बुक घेऊन शेतीला लागला, त्याच वयाचा कर्नल २००० नंतर, टेबलावर संगणक आल्यावर, बाहेर पडला. वय एकच, पण मध्ये पंधरा-वीस वर्षांची दरी. त्यात सिग्नल्स (संदेशवहन) किंवा ईएमईत (यंत्रदुरुस्ती दल) यंत्रे हाताळलेला हवालदार वेगळा आणि पायदळातला नाईक वेगळा. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांना तर यातल्या कुठल्याच रकान्यात जागा नाही. सेवा नवऱ्याने केली, पासवर्ड मात्र आता त्यांनी सांभाळायचा.

पूर्वी बँकेतून मिळणारे संरक्षण निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून, प्रयागराजच्या ‘पीसीडीए (पेन्शन्स)’ या संरक्षण लेखा कार्यालयामार्फत येते. घोटाळा नेमका इथेच होतो. ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल दाखल्याच्या सरकारी सेवेत दाखला भरताना ‘पेन्शन वितरण संस्था’ विचारली की नातू सवयीने बँकेचे नाव निवडतो, कारण पैसे बँकेतच दिसतात. तिथे ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)’ हाच पर्याय हवा आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांकही जुन्या कागदावरचा नव्हे, ‘स्पर्श’ने दिलेला बारा आकडी. चुकीचा पर्याय निवडला तरी दाखल्याचा क्रमांक म्हणजे प्रमाण आयडी तयार होतो, मोबाइलवर संदेश येतो, घरात सगळे निर्धास्त होतात. दाखला मात्र भलत्याच दारी गेलेला असतो आणि पुढे पेन्शन थांबते. (दाखला पोचल्यावर थकबाकीसह ते सुरू होते, पण तोवर औषधे उधारीवर आणायची का?) संदेशावर विसंबू नये. काही दिवसांनी ‘स्पर्श’मध्ये लॉगिन करून पुढच्या ओळख-पडताळणीची तारीख वर्षभर पुढे सरकली का, ते पाहावे.

दाखला भरताना येणाऱ्या ‘पुनर्विवाह’ आणि ‘पुनर्नियुक्ती’ या दोन प्रश्नांवर घाईत ‘हो’ दाबले गेले, तर डिजिटल दाखला होतच नाही.

ओळख पटवताना बोटांचे ठसे उमटत नाहीत, ही तक्रार शेतात राबलेल्या हातांची. कातडी कोरडी, रेषा झिजलेल्या. हात कोमट पाण्याने धुऊन पुसावेत, यंत्राची काच स्वच्छ करावी, अंगठा नाही चालला तर मधले बोट लावून पाहावे. तरीही जमले नाही तर चेहरा-पडताळणी आहे. त्यासाठी फोनवर दोन अॅप लागतात, ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. आधी फोन चालवणाऱ्याची स्वतःची नोंद, मग पेन्शनरांची. एका फोनवरून गल्लीतल्या सगळ्यांचे दाखले होऊ शकतात. उजेड समोरून घ्यावा. उंबऱ्यावर दाराकडे पाठ करून बसवले की चेहरा काळा येतो. चश्मा, टोपी काढावी, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यावा आणि अॅप सांगेल तेव्हा पापणी मिटावी. घरात कोणी नसेल तर पोस्टमन सत्तर रुपयांत घरी येऊन दाखला करून देतो. सगळ्यात बिनघोर मार्ग हाच.

आणखी एक गोष्ट दाखल्याच्या गडबडीत मागे पडते. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. पण कित्येक विधवांची जन्मतारीखच नोंदीत नाही, किंवा सर्व्हिस रेकॉर्डवर एक नाव आणि आधारवर दुसरे. अशा वेळी वाढ आपोआप लागत नाही. दुरुस्तीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) जातो: मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगावला, महार रेजिमेंटचा सागरला, तोफखान्याचा नाशिक रोडला. हे काम मोबाइलवर उरकण्यासारखे नाही.

म्हणून अभ्यासकांना विनंती की, सेवेची वर्षे, ट्रेड (सैन्यातले काम), डिस्चार्जचे साल आणि फोन कोणाच्या हातात असतो, हे चार प्रश्न वयाच्या जोडीला विचारावेत. पेन्शन खात्यानेही निघालेल्या दाखल्यांच्या शेजारी नाकारलेल्या दाखल्यांचा आकडा, जिल्हावार आणि कारणांसह, प्रसिद्ध करावा. जूनमध्ये, दाखल्याची गडबड नसताना, स्वतः पेन्शन स्लिप उघडून पाहिलेले किती, हेही त्यात येऊ द्या.

– एक माजी सैनिक, कोरेगाव (जि. सातारा)