परतलेल्यांचे घर कोणते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2024 मध्ये असद यांची राजवट कोसळल्यापासून दहा लाखांहून अधिक सीरियन निर्वासित मायदेशी गेल्याची बातमी वाचली. मथळा होता 'अखेर घरी'. तिथेच मी थबकले, कारण आम्हीही एकदा असेच 'घरी' आलो होतो.

2 ऑगस्ट 1990 ला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बसने बगदादमार्गे अम्मान, तिथून एअर इंडियाचे विमान (त्या विमानांनी एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसे आणली, ते ऋण आम्ही विसरणार नाही), मग मुंबईहून रात्रीची एसटी. ओटीवर पाऊल ठेवताच दादीने कडाकडा बोटे मोडली, "आली गं माझी पोरं घराला!" म्हणाली. सगळा मोहल्ला भेटून गेला. अब्बांचे घड्याळ मात्र कुवेतच्याच वेळेवर राहिले, अडीच तास मागे. जेवताना मनगटाकडे बघून म्हणायचे, "आता दुकान उघडायची वेळ."

1991 च्या अखेरीस ते परत गेले. फ्लॅटला दारेसुद्धा उरली नव्हती. अडीनडीला अम्मी मला ज्यांच्याकडे ठेवायची, ते शेजारचे पॅलेस्टिनी कुटुंबही नव्हते. युद्धानंतर लाखो पॅलेस्टिनींना कुवेत सोडावे लागले होते. अब्बांनी पत्रात लिहिले, "घर सापडले, पण हाक मारायला कोणी नाही."

रत्नागिरीकरांना हे नवे नाही. 1885 च्या युद्धात हरलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवले, 1916 मध्ये तो इथेच वारला. 1919 मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशी धाडले, पण राणीला जुन्या राजधानीत, मंडालेला नव्हे, रंगूनला ठेवले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि गरिबीत का होईना, अखेरपर्यंत इथेच राहिली. तिची परत येण्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

तुर्कस्तानने जानेवारी ते जुलै 2025 या काळात सीरियन कुटुंबातल्या एकाला तीनदा मायदेशी जाऊन परत येण्याची मुभा दिली होती. मला ती फार शहाणपणाची वाटते. छप्पर आहे का, विहिरीला पाणी आहे का, शेजारी कोण उरले, हे डोळ्यांनी बघून माणसाने ठरवावे. आपण परतलेल्यांचे आकडे छापता, तसेच बघून माघारी फिरलेल्यांविषयीही छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी