तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

संपादक महोदय,

युरोपच्या नव्या 'ईईएस' (एंट्री/एक्झिट सिस्टीम, म्हणजे येण्या-जाण्याची संगणकीय नोंद) सीमाप्रणालीला 'घुसखोरीला चाप' म्हणण्याची घाई होते आहे. भूमध्य समुद्र होडीने ओलांडणाऱ्यांशी तिचा फारसा संबंध नाही. रीतसर आलेला माणूस मुदतीत परतला का, हे ती पाहते. म्हणजे तिची झळ मुलाकडे जर्मनीला किंवा मुलीकडे नेदरलँड्सला जाणाऱ्या आपल्याकडच्या आई-वडिलांनाही बसू शकते.

शेंगेनच्या, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय गटाच्या, २९ देशांत १२ ऑक्टोबर २०२५पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. शिक्क्याऐवजी येण्या-जाण्याची तारीख संगणकात जाते. चेहऱ्याचा फोटो काढतात. व्हिसाधारकांच्या बोटांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, ते फक्त पडताळतात. ही नोंद पहिल्या शेंगेन विमानतळावर होते. म्युनिकमार्गे ॲमस्टरडॅमला जाणाऱ्याची म्युनिकलाच. त्यामुळे तिथून पुढचे विमान तासा-दीड तासात गाठण्याचा हिशेब धरू नये. चिप नसलेल्या जुन्या भारतीय पासपोर्टला स्वयंसेवा यंत्र चालत नाही, सरळ अधिकाऱ्याच्या रांगेत उभे राहावे.

खरा घोळ दिवस मोजण्यात होतो. नियम असा, की कुठल्याही १८० दिवसांत शेंगेनमध्ये जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. १ मेला उतरून ३१ जुलैला निघालात, तर ९२ दिवस भरतात, कारण येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. ९० दिवस २९ जुलैलाच संपले. पूर्वी पुसट शिक्क्यांची बेरीज करत बसायला अधिकाऱ्याला सवड नसे आणि दोन दिवस खपून जात. आता आकडा पडद्यावर दिसतो. मधे आठवडाभर शेंगेनबाहेर, लंडनला, जाऊन आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. कुठल्याही दिवशी मागचे १८० दिवस पाहतात, म्हणून या उदाहरणात २९ जुलैलाच निघालात तरी पुन्हा पाऊल ठेवता येईल ते २८ ऑक्टोबरला, तेही व्हिसा तेव्हा चालू असेल तर. रुमानिया आणि बल्गेरियातले दिवसही आता यातच येतात.

त्याआधी व्हिसाचे स्टिकर नीट वाचा. वैधतेच्या तारखा वेगळ्या, मुक्कामाचे दिवस वेगळे. मुक्काम ३० दिवसांचा मिळाला, तर सवलतीचे १५ धरून वैधता ४५ दिवसांची दिसते. ते १५ दिवस प्रवास पुढे-मागे झाला तर कामी यावेत म्हणून असतात. राहायचे मात्र तीसच. एजंट मंडळी हे क्वचितच समजावून सांगतात.

बाहेर पडल्याची नोंद चुकून राहिली, तर तुम्ही मुदत उलटूनही तिथेच आहात असे प्रणाली धरते आणि ती नोंद पाच वर्षे राहते. परतीचा बोर्डिंग पास आणि मुंबईत उतरल्याच्या शिक्क्याच्या पानाची छायाप्रत निदान पुढचा व्हिसा मिळेपर्यंत जपून ठेवावी.

— एक वाचक, ठाणे