सही करण्याआधी: जुनी हाडे आणि जुन्या नोंदी

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मृत्यूनोंदींची जुनी रजिस्टरे निकाली काढण्याचा किंवा उत्खननातल्या सांगाड्यांची कोठारे रिकामी करण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे आलाच, तर सही करण्याआधी हे वाचावे.

किर्गिझस्तानात इसिक-कूल सरोवराजवळ दोन जुन्या दफनभूमी आहेत. तिथल्या साल कोरलेल्या ४६७ दगडांपैकी ११८ दगड १३३८ आणि १३३९ या दोनच वर्षांतले. काहींवर मरणाचे कारणही कोरले आहे: महामारी. कोणती, ते दगड सांगत नाही. तिथे १८८५ ते १८९२ या काळात उत्खनन झाले आणि काही अवशेष सेंट पीटर्सबर्गला ठेवले गेले. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये! म्हणजे हे अवशेष जपणाऱ्यांना त्यांचे मोल कळणे शक्यच नव्हते. २०२२ मध्ये सात जणांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिघांच्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला.

पण जंतू कळला म्हणजे कारण पुरते कळले, असे नव्हे. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमध्ये १३४८-५० च्या प्लेगात मेलेल्यांना पुरले होते. त्यांच्या हाडांवरून दिसले, की प्लेगने सरसकट सगळ्यांना सारखे नेले नाही. आधीच खंगलेले जास्त गेले. लहानपणी उपासमार किंवा मोठे आजारपण झाले, की दातांच्या एनॅमलवर आडव्या रेषा उमटू शकतात, आणि त्या आयुष्यभर भरून निघत नाहीत. कुपोषणाच्या फायली हाताळताना मला या रेषा आपल्यासमोर हव्या आहेत.

हाडे सगळे सांगत नाहीत. पटकी, म्हणजे कॉलरा, काही तासांत माणूस नेते, हाडावर खूणही राहत नाही. तिथे कागदच लागतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. तिथलेच एक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. पुढे रुग्णालयाच्या जुन्या नोंदींतही दिसले, की शवविच्छेदनाचा अभ्यास सुरू झाल्यापासूनच मृत्यू वाढले होते.

म्हणून विनंती: प्रत्येक जुने रजिस्टर पानन् पान स्कॅन व्हावे आणि मूळ प्रतही राहावी. सांगाडे ही माणसेच होती. त्यांचे वंशज वा समाज असेल, तर त्यांना विचारूनच अभ्यास व्हावा. आणि आजच्या मृत्यूदाखल्यावर कारणाच्या रकान्यात नुसते ‘हृदयक्रिया बंद पडून’ चालवून घेऊ नये. हृदय शेवटी प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशाने पडले, हे आज लिहून ठेवायला हवे.

आपला विश्वासू,
एक नागरिक