चिठ्ठी लिहून देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नाव मला माहीत नाही. वॉर्डात सगळे सिस्टर सिस्टर करायचे म्हणून मीपण सिस्टरच म्हणत राहिले, आणि नंतर मुद्दाम विचारायला गेले तर कळलं तुमची बदली झाली. म्हणून, लघवीसाठी वाटेत एसटी थांबवायची जी चिठ्ठी तुम्ही मला लिहून दिलीत, तिच्याबद्दल हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. लेकीनं फोनमध्ये बोलून टाईप करायला शिकवलंय, चुका झाल्या तर त्या फोनच्या.

मी कोण ते आठवणार नाही तुम्हाला, दिवसाला पन्नास पेशंट बघता. मी ती कोरेगावकडची मावशी, जी लघवीच्या पिशवीच्या दुर्बीण तपासणीआधी बाथरूममधून बाहेरच येत नव्हती आणि तुम्ही दारावर टकटक करून म्हणालात, मावशी बसा निवांत, घाई नाही. दोन वर्षांत कुणी मला घाई नाही म्हणलं नव्हतं.

2011 ला माझी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट झाली, परळला टाटाला. बाहेरून 25 लाईट (लाईट म्हणजे रेडिएशन), आठवड्याला एक केमो, मग आतून लाईट. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही दोघं दोन महिने राहिलो. तिथल्या बायका एकमेकींना तुझे किती लाईट झाले, माझे किती राहिले, असं विचारायच्या, जसं काय परीक्षेचे पेपर चाललेत. लाईटच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगायचे, लघवीची पिशवी भरली की आतडी वर सरकतात म्हणे. तेव्हा तासभर धरून बसायचे मी, आता आठवलं की हसू येतं. त्यांनी मला वाचवलं, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पुढं कधीतरी लघवीचा त्रास होऊ शकतो असं तेव्हा कुणी सांगितलंही असेल, पण त्या वेळी मी ऐकत होते ते फक्त वाचतेय का नाही एवढंच.

दहा वर्षं काही नाही. शेतात जायचे, उसाच्या लागणीला बायकांबरोबर उभी राहायचे. 2021 च्या दिवाळीनंतर लघवी लाल झाली, बिटाच्या पाण्यासारखी. मला वाटलं झालं, आला परत. आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही, फराळाचं उरलेलं डब्यात भरत होते आणि मनात हिशोब, लेकीचं कसं, ह्यांचं कसं. मग गावाजवळच्या डॉक्टरकडं गेले, त्यांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. थांबलं. महिन्यानं परत. परत गोळ्या. असं दीड-दोन वर्ष चाललं, मध्ये डॉक्टर बदलला, गोळ्यांचा रंग बदलला, लघवीचा काही बदलला नाही. आणि जाणं वाढत गेलं, दिवसाला वीस-बावीस वेळा, रात्री सहा वेळा, कळ आली की उंबऱ्यापर्यंतसुद्धा दम निघत नव्हता. मी पाणी बंद केलं. लग्नं बंद केली. सख्ख्या भावाच्या मुलाच्या हळदीला गेले नाही, पाय दुखतो म्हणून सांगितलं. 2023 ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यासुद्धा नरसोबाची वाडी काय, पंढरपूर काय, करून आल्या आणि मी खिडकीतून एसटी बघत होते. पाय धडधाकट असून.

मग एका रात्री लघवी अडकलीच. रक्ताच्या गुठळ्या झालेल्या. तसला जीव बाळंतपणातही गेला नव्हता. तिथून तुमच्या वॉर्डात. जाड नळी घातली, वरून सलाईनची बाटली लावून पिशवी धुवायची आणि खालून लाल पाणी उतरायचं, दोन दिवस तेच बघत पडलेले.

तिसऱ्या दिवशी तुम्ही माझी प्लॅस्टिकची पिशवी उपसली. त्यात सगळे जुने रिपोर्ट. तुम्ही लघवीतले जंतू तपासायचे पाच कल्चर रिपोर्ट कॉटवर पत्त्यासारखे मांडले आणि म्हणालात, मावशी पाचही वेळा जंतू नाहीत असंच आलंय, मग ती औषधं मारत कुणाला होती? आणि लगेच पुढचं वाक्य, कधी लाईट घेतली होती का?

सिस्टर, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता हो. आणि मीपण सांगितलं नव्हतं, कारण बारा वर्षांपूर्वीच्या लाईटचा आजच्या लघवीशी काय संबंध, असं मलाच वाटत होतं. शिवाय कॅन्सरचं नाव काढलं की लोक पाण्याचा पेला वेगळा ठेवतात, ते एक.

तुम्ही मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, दुर्बीण झाली. आत कॅन्सर नव्हता. पिशवीची आतली कातडी पांढरट पडलेली आणि त्यावर जाळीसारख्या बारीक लाल शिरा, त्यातनंच रक्त येत होतं. डॉक्टर बोलले ते इंग्रजीत, रेडिएशन सिस्टायटिस, तुम्ही नंतर येऊन सांगितलं ते मी अजून लोकांना तसंच सांगते. तुमच्या उसाला ठिबक आहे ना, म्हणालात, नळ्या हळूहळू चोकअप झाल्या की दोन वर्षांनी कळतं ती सरी का वाळली. तसं लाईटनं पिशवीच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं आवळत जातात, रक्त पोचत नाही, पिशवी कडक होते, ताणत नाही, म्हणून थोड्याशा लघवीनंच भरल्यासारखी वाटते. मग शरीर घाईघाईनं नव्या शिरा काढतं, त्या कच्च्या, धक्का लागला की फुटतात. कुणाला दहा वर्षांनी होतं, कुणाला वीस. हे ऐकून मी रडले, ते दुःखानं नाही. त्याला नाव होतं एवढ्यानंच रडले.

पुढं पुण्यात ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये 30 वेळा बसले, त्यासाठी पाटल्या मोडल्या. दीड तास आत, बाहेरच्यापेक्षा दुपटीहून जास्त दाबाची हवा, कान खंबाटकी घाटासारखे दडे बसतात. केसाला तेल नाही, अंगावर सोनं नाही, साडी नाही, नुसता सुती गाऊन. आणि मधेच लघवीला जाता येत नाही, तर विचार करा माझं काय झालं असेल! डायपर घालून बसले, लाज पहिल्या तीन दिवसांत संपली. रक्त थांबलं विसाव्या बैठकीच्या आसपास, अजून तरी आलेलं नाही. सगळ्यांना एवढा गुण येतो असं नाही, माझ्यासमोरच एका बाईंना फरक कमी पडला.

पण पिशवी काही तरुण झाली नाही. ती तुमच्या वहीनं सुधारली. आठवतंय, जुना मापाचा जग दिला होतात, प्रत्येक वेळची लघवी मोजून लिहा म्हणून. पहिल्या पानावर सगळं 70, 80, 90 मिली. कळ आली की पळायचं नाही, आधी जागेवर थांबायचं, खालून पाच वेळा पटपट आवळायचं, कळ ओसरली की मग चालायचं. चहा पाचावरून एकावर (हे सगळ्यात अवघड गेलं, खोटं कशाला बोलू). आणि पाणी न पिण्यावरून केवढ्या ओरडला होतात, घट्ट लघवी जास्त चावते म्हणून. आज 150, कधी 180 होते. दिवसाला अकरा-बारा वेळा. रात्री दोनदा. जी बाई हे वाचून म्हणेल की एवढं जास्तच की, तिनं बावीस वेळा जाऊन बघावं.

आता चिठ्ठीचं. डिस्चार्जच्या दिवशी मी म्हणलं, सगळं खरं पण एसटीत काय करू, तर तुम्ही कोऱ्या कागदावर लिहिलंत, सदर महिलेस मूत्राशयाचा आजार असून लघवी रोखता येत नाही, कृपया वाटेत गरज लागल्यास गाडी थांबवावी ही विनंती. डॉक्टरांची सही आणली, वर शिक्का मारला. दोन मिनिटांचं काम.

पहिल्यांदा काढली ती स्वारगेटच्या गाडीत. कंडक्टर पोरगेलासा, त्यानं ती वाचली तीच मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी. मला वाटलं आता खिडकीतून उडी टाकावी. पण त्यानं बेल मारली, गाडी एका हॉटेलपाशी थांबली, मी उतरायला लागले तर मागनं एक आजी म्हणाली, थांब गं, मीपण येते. तिच्या मागनं अजून दोघी. त्यातली एक कॉलेजची. पाचवी तर ओटीत पोर घेऊन. म्हणजे सगळ्याच दाबून बसलेल्या, चिठ्ठी फक्त माझ्याकडं होती.

ती घडीवर फाटलीय, सेलोटेप लावलाय. जावई म्हणाला लॅमिनेशन करून आणतो, मी नको म्हणलं, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवता येत नाही मग.

उद्या सातच्या गाडीनं पुण्याला निघालेय, नातीचं बारसं आहे. पिशवीत दोन पॅड, एक जादा परकर, भरलेली पाण्याची बाटली, आणि चिठ्ठी.