तुमच्याकडे संसद नाही का रे?

टोलेडो, ओहायो
16 नोव्हेंबर 2025

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत फोनवर तू विचारलंस, "एक माणूस कागदावर सही करतो आणि इकडे सोलापुरात अक्कलकोट रोडला माझे टॉवेलचे माग थांबतात. तुमच्याकडे संसद नाही का रे?" तेव्हा घरात पाहुणे होते, बोलणं अर्धवट राहिलं. आज रविवार आहे, निवांत लिहितो.

संसद आहे. आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या ज्या टॅरिफने, म्हणजे आयातीवरच्या जकातीने, तू बेजार झाला आहेस, ते बसवण्याचा अधिकार घटनेने तिलाच दिला आहे. 1787 च्या मसुद्यात पहिलं कलम काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं, राष्ट्राध्यक्षाचं दुसरं. कर आणि जकात बसवणं, परदेशाशी व्यापाराचे नियम करणं, युद्ध पुकारणं, हे सगळं पहिल्या कलमात आहे. इंग्लंडच्या राजाने न विचारता कर लादले म्हणून ज्यांनी बंड केलं, ती माणसं करांचा अधिकार एका माणसाच्या हाती कशी देतील? त्यांनी दिला नाहीच. तो नंतर हळूहळू दिला गेला, आणि देणारी काँग्रेसच होती. ट्रम्प यांच्यावर माझा राग आहेच, पण त्याहून जास्त राग या देण्यावर आहे.

1977 मध्ये काँग्रेसने आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा एक कायदा केला. परदेशातून असाधारण धोका उभा राहिला तर राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी जाहीर करावी, मग त्याला त्या देशाची खाती गोठवता येतील, व्यवहार रोखता येतील, आयातीचं नियमन करता येईल. टॅरिफ किंवा जकात हा शब्द त्या कायद्यात कुठेही नाही. पहिला वापर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 14 नोव्हेंबर 1979 ला केला, तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतली माणसं ओलीस धरली तेव्हा. ओलीस जानेवारी 1981 मध्ये सुटले. ती आणीबाणी मात्र आजही चालू आहे. दर नोव्हेंबरात जो कोणी राष्ट्राध्यक्ष असेल तो तिला वर्षभराची मुदतवाढ देतो, आणि ते वाचून इथे कुणाला काहीच वाटत नाही.

तरीही या कायद्याखाली टॅरिफ बसवण्याचं धाडस इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं. ते या वर्षी झालं. आपल्यावर 7 ऑगस्टपासून 25 टक्के, आणि रशियाचं तेल घेता म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25. त्या दिवशी आपल्याकडे गणपती बसले होते आणि तू आरतीच्या गडबडीत बायरचा मेल वाचत होतास, हे तूच सांगितलंस. ब्राझीलचं तर विचारू नकोस. तिथल्या माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंवर खटला चालवला म्हणून टॅरिफ पन्नास टक्क्यांवर नेलं. दुसऱ्या देशातल्या न्यायालयात चाललेला खटला ही अमेरिकेची आणीबाणी कशी होते, हे मला कुणी समजावून सांगावं! आणि परवा 14 तारखेला कॉफी, केळी, बीफ अशा खाण्याच्या जिनसांना सवलत दिली, कारण इथल्या दुकानांत भाव भडकले होते. ती सवलतसुद्धा एका सहीनेच. टॉवेल त्या यादीत नाहीत.

मग काँग्रेस हे थांबवत का नाही? इथे तुला एका भारतीय वंशाच्या मुलाची गोष्ट सांगायला हवी. आमच्यापासून अर्ध्या तासावर बोलिंग ग्रीन नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. जगदीश राय चढ्ढा नावाचा तरुण 1966 मध्ये तिथे शिकायला आला. जन्म केनियातला, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. व्हिसा संपला तेव्हा केनिया घेईना आणि ब्रिटन टोलवाटोलवी करू लागलं. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्याची हकालपट्टी थांबवली, राहायची मुभा दिली. पण तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेट आणि प्रतिनिधिगृह या काँग्रेसच्या दोनांपैकी एका सभागृहाने नुसता ठराव केला तरी अशी मुभा रद्द व्हायची. डिसेंबर 1975 मध्ये प्रतिनिधिगृहाने 340 जणांच्या यादीतून सहा नावं काढली, त्यात हा एक. चर्चा नाही, कुणी कसं मत दिलं याची नोंदसुद्धा नाही. कोण हा मुलगा, त्याचं काय चुकलं, कुणी विचारलं नाही.

तो लढला. 23 जून 1983 ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल त्याच्या बाजूने दिला. न्यायालय म्हणालं, काँग्रेसला कायद्याचा परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहांनी ठराव करून तो राष्ट्राध्यक्षाच्या सहीला पाठवला पाहिजे, मधली वाट नाही. त्या मुलाला न्याय मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण त्याच्या निकालाने जवळपास दोनशे कायद्यांमधली अशी कलमं निकामी झाली. न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी निकालपत्रात हेच बजावलं होतं. त्या कलमांत आणीबाणीच्या 1976 च्या कायद्यातलंही एक होतं. मूळ व्यवस्था अशी, की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपली, राष्ट्राध्यक्षाची सही नको. या निकालानंतर ती सही आली. सही आली म्हणजे नकाराधिकार आला, आणि तो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात. घराची किल्ली विश्वासाने शेजाऱ्याकडे ठेवावी आणि परत मागताना त्याचीच परवानगी लागावी, तसं हे झालं.

हे कागदोपत्री राहिलेलं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये मेक्सिकोच्या भिंतीला पैसे मिळेनात म्हणून ट्रम्प यांनी आणीबाणी पुकारली. दोन्ही सभागृहांनी ती रद्द करणारा ठराव केला, त्यांच्या पक्षाच्या सिनेटरांनीही मतं दिली. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहात तो मोडायला 248 मतं पडली, ती पुरली नाहीत. स्पष्ट बहुमत होतं, तरी हरलं. यंदा ऑक्टोबरच्या शेवटी सिनेटने ब्राझीलवरच्या टॅरिफमागची आणीबाणी संपवण्याचा ठराव 52 विरुद्ध 48 मतांनी केला, पण प्रतिनिधिगृह असे ठराव मतदानालाच येऊ देत नाही. कायद्यात ठराव अमुक दिवसांत मतदानाला घ्यावाच लागेल अशी अट आहे. त्यावर मार्चमध्ये या गृहाने स्वतःपुरता नियम करून टाकला, की कॅनडा, मेक्सिको आणि चीनच्या टॅरिफमागच्या आणीबाणीपुरते या अधिवेशनाचे उरलेले दिवस हे दिवस म्हणून धरायचेच नाहीत! सूर्य रोज उगवतो, फक्त दिवस मोजायचा नाही. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनीच तो मत द्यावं लागू नये म्हणून असा झटकून टाकावा, याची मला शरम वाटते. मी इथला मतदार आहे, माझ्या नावाने हे चाललंय.

मला राहून राहून आपली 1975 ची आणीबाणी आठवते. तुझ्या बाबांना येरवड्याला नेलं होतं ते दिवस. पण त्यातून देश शिकला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने नियम केला, की आणीबाणीला एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मान्यता हवी, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा हवी, आणि लोकसभेने साध्या बहुमताने नको म्हटलं की ती मागे घ्यावीच लागेल. आपल्याकडे आणीबाणी टिकवायला मतं लागतात. इथे ती संपवायला लागतात, तीही दोन तृतीयांश. इथल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते चकित होतात.

आता न्यायालयाचं. 5 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात टॅरिफची सुनावणी झाली. तिचा आवाज थेट ऐकता येतो. मी रजा टाकून अडीच तासांहून जास्त वेळ कानाला लावून बसलो होतो. बड्या कंपन्या गप्प राहिल्या. कोर्टात गेले ते न्यूयॉर्कचा वाइन आयात करणारा छोटा व्यापारी, इलिनॉयमधली शैक्षणिक खेळण्यांची कंपनी असे लोक, आणि काही राज्यं. छोट्या व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलायला उभे होते नील कत्याल, त्यांचे आईवडील भारतातून आलेले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले की टॅरिफ म्हणजे अमेरिकन लोकांवरचा कर, आणि तो कायमच काँग्रेसचा गाभ्याचा अधिकार राहिला आहे. पण मी जागचा उठलो ते न्यायमूर्ती नील गोरसच बोलले तेव्हा. 2017 मध्ये त्यांना ट्रम्प यांनीच नेमलं. त्यांनी सरकारी वकिलाला नेमका आपला मुद्दा विचारला. काँग्रेसने एकदा अधिकार दिला की नकाराधिकारामुळे तो तिला परत घेता येत नाही, सत्ता एकाच दिशेने सरकत राहते, लोकप्रतिनिधींकडून राष्ट्राध्यक्षाकडे. याचं पटेल असं उत्तर सरकारी वकिलाकडून मला ऐकू आलं नाही.

निकाल अजून यायचा आहे. मला आशा वाटते, कारण याआधी एकदा हे घडलंय. 1952 मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना संपाच्या भीतीने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी देशातले पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. खटला ज्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो तीही आमच्या ओहायोतल्या यंग्जटाउनची. दोन महिन्यांच्या आत न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द केला आणि ट्रुमन यांनी मुकाट्याने कारखाने परत केले. पण त्याच निकालात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहून ठेवलंय, की काँग्रेसच्या बोटांमधून सत्ता निसटत असेल तर ती फक्त काँग्रेसच अडवू शकते. म्हणजे न्यायालय जिंकलं तरी काम संपत नाही. ट्रम्प यांच्याकडे दुसरे कायदे आहेत. 1974 च्या एका कायद्याखाली ते 15 टक्क्यांपर्यंत टॅरिफ बसवू शकतात, पण 150 दिवसच, पुढे काँग्रेसकडे यावं लागतं. मला असेच कायदे हवेत, ज्यांत आकडाही आहे आणि मुदतही. आमच्या भागातल्या खासदाराच्या कचेरीत मी तेवढंच मागणारं पत्र देऊन आलोय, आणि पुन्हा जाणार आहे.

आता तुझ्या कामाचं, हे नीट वाच. तुझा माल एफओबीने जातो, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच तुझी जबाबदारी, टॅरिफ इथे बायर भरतो. उद्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं तर परतावा त्याच्या खात्यात जाईल. परतावा कसा द्यायचा याचा गोंधळ होईल, असं न्यायमूर्ती बॅरेट सुनावणीतच म्हणाल्या आहेत. तू टॅरिफपायी दरात जी सूट दिलीस, ती परत मागायला तुझ्याकडे आज काहीही कागद नाही. तेव्हा पुढच्या ऑर्डरच्या आधी त्याच्याकडून मेलवर लिहून घे, की परतावा आला तर त्यातला तुझा वाटा किती. तोंडी भरवशावर राहू नकोस. मसुदा हवा असेल तर कळव, मी करून पाठवतो.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. मागावरची किती माणसं घरी बसली आहेत ते खरं खरं लिही.

तुझा,
सुरेश