आवडीनिवडी सांगा, पण जपून

संपादक महोदय,

वाचकांच्या आवडीनिवडी विचारणाऱ्या प्रश्नावलीत 'आवडता पदार्थ : गोळाभात' एवढे लिहून भागत नाही. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, पाणी न घालता जाडसर वाटायची. वाटण सैल झाले की गोळे भातात फुटतात. वाढताना वरून हिंग-मोहरीचे कडकडीत तेल हवेच! असे लिहिले तर माणूस कळतो. 'छंद : वाचन' यातून काय कळणार?

मात्र जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा ही उत्तरे कृपया छापू नका. पासवर्ड विसरल्यावर अनेक ठिकाणी हेच प्रश्न ओळख पटवायला विचारतात. गावाऐवजी तालुका पुरे. पोरांनी मोबाइलवर अशी उत्तरे टाकली असतील, तर आजच काढायला लावा.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ