घरी पाहिलेल्या चित्रपटांविषयी माझ्याशी बोलत राहिलेल्या मावशींना

तीर्थस्वरूप मावशींस,
सादर प्रणाम.

हे पत्र मी कोणालाही वाचता येईल असे उघडपणे लिहीत आहे, कारण समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच विषय बदलता आणि पुढच्या चित्रपटाचे काढता. शिवाय तुम्ही जे दिलेत ते माझ्यापुरते ठेवावे असे मला वाटत नाही. बाबांच्या आजारपणामुळे माझे घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले होते, त्या काळात घरच्या पडद्यावर पाहिलेल्या चित्रपटांविषयी आणि संगीतिकांविषयी, म्हणजे गाण्यांतून कथा सांगणाऱ्या नाटक-चित्रपटांविषयी, तुम्ही माझ्याशी फोनवर बोलत राहिलात आणि आपले मत कसे मांडावे हेही बोलता बोलताच दाखवून दिलेत, याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

चित्रपटगृहात दिवे लागले की शेजारच्या माणसाचा चेहरा दिसतो आणि पायऱ्या उतरेपर्यंत चर्चा रंगात आलेली असते. घरी तसे काही होत नाही. श्रेयनामावली पुरती संपण्याआधीच पडद्यावर पुढच्या चित्रपटाचे चित्र झळकू लागते आणि आपल्याला काय वाटले हे आपल्याजवळच राहून जाते. ही उणीव तुम्ही भरून काढलीत. मी जो चित्रपट पाहणार तोच तुम्ही त्याच आठवड्यात तुमच्या घरी पाहायचात आणि फोन मात्र दुसऱ्या दिवशी करायचात. ‘एक रात्र मध्ये जाऊ दे’ हा तुमचा आग्रह असे. सकाळी जे आठवत असेल त्याविषयीच बोलायचे, आणि ‘आवडला का?’ हा प्रश्न तर तुमच्याकडून कधी आलाच नाही. तुम्ही विचारायचात, ‘कोणता प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे?’

या प्रश्नाने माझे पाहणेच बदलले. प्रसंग सांगायचा म्हटले की पात्र कुठे उभे होते, गाणे कोणत्या वाक्यानंतर सुरू झाले, कॅमेरा जवळ आला की दूरच राहिला, हे सगळे आठवावे लागते, आणि मग ‘संथ आहे’ किंवा ‘छान आहे’ एवढ्यावर भागत नाही. मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याला तोच प्रसंग पुन्हा लावून आपले मत तपासता येते. मत दुसऱ्यापुढे ठेवायचे तर त्याला ते तपासण्याची सोय करून द्यावी, ही तुमची रीत मला फार मोलाची वाटते.

त्याच्याही आधीचा तुमचा एक प्रश्न असे, आणि घरी चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा असे मला वाटते: ‘तू नेमके काय पाहिलेस?’ 1954च्या ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’विषयी आपण बोललो तेव्हा याचा प्रत्यय आला. त्यात धान्याचे कोठार उभारण्याच्या दिवशीचे एक मोठे नृत्य आहे. भाऊ, मुली आणि गावातले प्रतिस्पर्धी तरुण एकाच वेळी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असतात, फळ्यांवर आणि ओंडक्यांवर तोल सांभाळत उड्या घेतात. तुम्ही त्या रचनेचे भरभरून कौतुक करत होता आणि मला ती रचना दिसलीच नव्हती. तुम्ही सहज विचारलेत, ‘फळीवरच्या नाचात उजव्या कडेला कोण उभे आहे?’ माझ्या प्रतीत उजवी कडाच नव्हती. तो चित्रपट सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत, म्हणजे उंचीच्या अडीचपटीहूनही थोड्या जास्त रुंदीत चित्रित झालेला, आणि मी पाहत होते ती जुनी प्रत दूरदर्शन संचाच्या चौकोनी काचेत मावावी म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेली. अशा कापण्यात जवळजवळ अर्धी चौकट जाते. साध्या संवादाच्या प्रसंगात ते एक वेळ चालून जाईल, पण समूहनृत्यात नृत्यदिग्दर्शकाने मांडलेला सगळा समतोलच नाहीसा होतो. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की चित्र लहान झाले म्हणून अनेक जण कुरकुरतात आणि रिमोटने ते ताणून पडदाभर करतात. त्या पट्ट्यांमुळेच चित्र अखंड राहते, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

नव्या संचांतली ती गुळगुळीत हालचालीची सोयही तुम्हीच मला बंद करायला लावलीत. चित्रपट सहसा सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने चित्रित होतो. संच त्या चित्रांच्या मधे स्वतः बनवलेली चित्रे घुसवतो आणि भव्य चित्रपटही रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. अभिनेते टॉम क्रूझ यांनी 2018 साली ही सोय बंद करण्याचे आवाहन करणारी चित्रफीतच काढली होती. हे तुमच्याकडून कळल्यावर मी सेटिंग बदलले आणि नर्तकांच्या हालचालींना त्यांचे वजन परत मिळाले.

आता बाबांविषयी. त्यांची दृष्टी बरीच अधू झाली होती, त्यामुळे चित्रपटात त्यांना रस उरणार नाही असे घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरले होते. तुम्ही मात्र सांगितलेत की संगीतिका लावा, कारण तिथे निम्मी कथा कानांनी कळते. परभाषेतल्या संगीतिकेची अडचण होती ती सबटायटल्सची. मी ती मोठ्याने वाचायला लागले की गाणे बुडायचे. त्यावर तुमचा साधा उपाय असा होता की प्रसंग सुरू होण्याआधी चित्र थांबवून पुढे काय घडणार हे दोन वाक्यांत सांगावे आणि मग प्रसंगभर गप्प बसावे. शेवट मात्र आधी सांगायचा नाही, ही अट तुम्ही घातलीच होती.

याच रीतीने आम्ही जॅक देमी यांचा 1964चा फ्रेंच चित्रपट ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर्ग’ पाहिला. त्यात एकही वाक्य साधे बोललेले नाही. मिशेल लग्राँ यांच्या संगीतात भांडण, हिशेब, दुकानातली विचारपूस, सगळे गाऊनच होते. सुरुवातीला गॅरेजमधला एक कामगार म्हणतो की आपल्याला ऑपेरा आवडत नाही, ही सगळी गाणारी माणसे सहन होत नाहीत, त्यापेक्षा सिनेमा बरा. आणि हेही तो गाऊनच म्हणतो. बाबा तिथे मनापासून हसले. शेवटच्या प्रसंगात बर्फ पडत असते, एकेकाळचे प्रेमिक पेट्रोल पंपावर अचानक समोरासमोर येतात आणि गाडीत कोणते पेट्रोल भरायचे हा प्रश्नही सुरांतच येतो. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा बाबांनी तो स्वतःच्या हातात घेतला आणि तुम्हाला म्हणाले, ‘पहिल्यापासून सगळंच गाण्यात आहे ना, म्हणून शेवटी पेट्रोलचं विचारलं तरी गलबलून येतं. एरवी गाणं थांबतं आणि बोलणं सुरू होतं, तिथे आपण सावरतो. इथे सावरायला जागाच नाही.’

त्यावर तुम्ही त्यांचे कौतुक करून विषय संपवला नाहीत, याचे मला आजही फार अप्रूप वाटते. आजारी माणूस बोलला म्हणून सगळे ज्या सुरात ‘वा, वा’ म्हणतात, तसे तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही त्यांना प्रतिप्रश्न केलात की मग आईच्या आणि मुलीच्या भांडणातही तसेच वाटले का, आणि तिथे नसेल वाटले तर का नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून बाबांनी तो प्रसंग मला पुन्हा लावायला सांगितला. त्यांच्या मताला तुम्ही वाद घालण्याच्या योग्यतेचे मानलेत. औषधांच्या वेळा आणि पथ्यपाणी यांपलीकडे त्यांच्याशी कोणीतरी बोलत होते, आणि त्यांना त्या बोलण्याची तयारी करावी लागत होती. या एका गोष्टीसाठी मी तुमचे आभार कसे मानावेत हे मला खरोखर समजत नाही.

कान तयार झाल्यावर बाबांनीच आवाजांचा विषय काढला. त्या फ्रेंच चित्रपटात नायिकेचा आवाज काथरीन दनव्ह यांचा नाही, तो दानिएल लिकारी यांचा आहे, हे तुम्ही सांगितलेत आणि तिथून आपले बोलणे पडद्यामागे राहून अभिनेत्रींसाठी गाणाऱ्या मार्नी निक्सन यांच्यापर्यंत पोहोचले. 1956च्या ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, 1961च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुड आणि 1964च्या ‘माय फेअर लेडी’मध्ये बहुतांश गाण्यांत ऑड्री हेपबर्न, या तिघींसाठी त्या एकटीने गायल्या, आणि यांपैकी एकाही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही. हे नाव लपवणे बाबांना विलक्षण वाटले, तेव्हा तुम्ही आठवण करून दिलीत की 1949च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवरसुद्धा आधी लता मंगेशकरांच्या ऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापलेले होते. तेव्हापासून एखाद्या अभिनेत्रीने गाणे सुंदर सादर केले असे म्हणताना मी तिचा चेहरा, शरीर आणि श्वास यांविषयी बोलत आहे की आवाजाविषयी, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घेते. कौतुक योग्य माणसाच्या पदरी पडावे, एवढी काळजी प्रेक्षकानेही घ्यायला हवी.

आपले पटले नाही असेही पुष्कळ झाले. 2012च्या ‘ले मिझराब्ल’ या संगीतिका-चित्रपटात कलाकारांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवले नाहीत, कानातल्या छोट्या यंत्रात पियानो ऐकत ते चित्रीकरणाच्या जागीच गायले आणि वाद्यवृंद नंतर जोडला गेला. ॲन हॅथवे यांचे गाणे तर कॅमेरा चेहऱ्याजवळ ठेवून एका सलग शॉटमध्ये जवळजवळ पूर्ण घेतलेले आहे. हुंदक्याने सूर तुटतो तिथेच त्या पात्राचे आयुष्य कळते, हे तुमचे म्हणणे. मला वाटते की त्या गाण्याच्या चालीतच ते दुःख पुरेपूर आहे आणि सूर सांभाळून गायले असते तर ते अधिक खोल गेले असते. माझे मत आजही तेच आहे. तुम्ही ते बदलण्याचा प्रयत्न केला नाहीत. फक्त दिग्दर्शकाने काय साधायचे ठरवले होते ते आधी मांड आणि मग ते तुला का पटत नाही हे सांग, असे म्हणालात. त्यामुळे माझा विरोध अधिक नेमका झाला.

संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते आणि ती तुम्ही फार नेमकेपणाने सांगितलीत. नाट्यपद बहुधा एका भावापाशी थांबते, गायक ते फुलवतो आणि कथा तोवर वाट पाहते. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीच्या 1943च्या ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेने रंगभूमीवर जी वाट रूढ केली, तिच्यात गाणे कथेला पुढे नेते आणि गाणे संपेपर्यंत पात्र काहीतरी ठरवून बसलेले असते. एका परंपरेचे माप दुसरीला लावले की ‘गाण्यात रंगत नाही’ किंवा ‘कथा अडते’ अशी मते निघतात. नाटकाच्या चित्रमुद्रणाचेही तसेच आहे. 2016 साली रंगमंचावर चित्रित होऊन 2020 साली घराघरांत पोहोचलेल्या ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेत नाट्यगृहातल्या कोणालाही न दिसलेला घाम आपल्याला दिसतो, पण त्याच क्षणी फिरत्या रंगमंचाच्या कडेला बाकीचे नर्तक काय करत आहेत ते दिसत नाही. नाटक पाहिले असे म्हणायचे की नाटकाची कॅमेऱ्याने केलेली निवड पाहिली असे म्हणायचे, हा तुमचा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही.

बाबांची प्रकृती आता स्थिर आहे आणि तुमच्या फोनच्या दिवशी ते दुपारची झोप टाळतात. पुढच्या वेळेसाठी ‘ओक्लाहोमा!’चा 1955चा चित्रपट पाहावा असे त्यांनी सुचवले आहे. तो दोनदा चित्रित झाला होता: टॉड-एओ या रुंद फिल्मच्या पद्धतीने सेकंदाला 30 चित्रांच्या वेगाने आणि सिनेमास्कोपमध्ये 24 चित्रांच्या वेगाने. त्यामुळे दोन्ही प्रतींत कलाकारांचा अभिनयही थोडा थोडा वेगळा आहे. आम्ही टॉड-एओची प्रत पाहतो, तुम्ही सिनेमास्कोपची पाहावी, आणि मग एकच प्रसंग घेऊन दोन्हींविषयी बोलावे, अशी बाबांची विनंती आहे. प्रसंग कोणता घ्यायचा ते तुम्ही कळवावे.

आपली नम्र,
तुम्ही जिला भाची मानता ती